हवेचा सातबारा कुणाच्या कपाटात?

तलाठी व्हायला आपली पोरं जीव टाकतात. २०२३ सालच्या तलाठी भरतीत जागा साडेचार हजारांच्या आसपास आणि अर्ज दहा लाखांच्या वर. मंचर-जुन्नरच्या कुठल्याही अभ्यासिकेत संध्याकाळी डोकावा, आपल्या वस्तीतलं एक तरी पोरगं मान खाली घालून बसलेलं दिसेल. मी त्यांना हसत नाही. तलाठ्याच्या लेखणीनं काय केलं ते आपल्या म्हाताऱ्यांना विचारा. वतनाची जमीन कागदावर कुणाची होती, नांगर कुणाचा फिरत होता आणि मधली रेघ कुणी ओढली? त्या लेखणीपाशी आपला माणूस बसलाच पाहिजे.

पण आणखी एक सातबारा आहे. त्याच्याकडं आपण ढुंकून पाहिलं नाही. हवेचा सातबारा.

म्हातारा चळला, असं म्हणू नका. मी चाळीस वर्षं रेडिओ-टीव्ही दुरुस्त करत आलोय, मला हवेतलं थोडं कळतं. आकाशवाणी, पोलिसांचा वायरलेस, विमान उतरवणारा टॉवर, रेल्वे, समुद्रात गेलेली होडी, टीव्हीची छत्री आणि तुमच्या खिशातला मोबाईल, ही सगळी एकाच शिवारात पेरणी करतात. त्या शिवाराला स्पेक्ट्रम म्हणतात. शिवार एकच, कुळं हजार. बांध घातले नाहीत तर एकाचं बी दुसऱ्याच्या रानात पडणार, आणि मग पोलिसाच्या संचावर गाणी आणि विमानाच्या कानात खरखर. म्हणून दिल्लीत १९५२ पासून एक कचेरी आहे. वायरलेस प्लॅनिंग अँड को-ऑर्डिनेशन विंग, थोडक्यात डब्ल्यूपीसी. दूरसंचार खात्याची. कुणी कोणत्या पट्ट्यात बोलायचं, किती जोरानं बोलायचं, खांब कुठं उभा करायचा, लायसन कुणाला द्यायचं, हे तिथं ठरतं. १९८१ सालापासून वाटपाचा राष्ट्रीय आराखडा निघत आलाय, दर काही वर्षांनी तो बदलतो. तिच्या जोडीला दुसरी कचेरी, वायरलेस मॉनिटरिंग ऑर्गनायझेशन. ती देशभर कान लावून बसते : कोण आपली हद्द ओलांडतोय, कोण बिनपरवाना बोलतोय. उपग्रहांवर कान ठेवणारं तिचं केंद्र कुठं आहे माहीत आहे? आपल्या जालन्यात. मराठवाड्यातल्या किती पोरांना हे कुणी सांगितलं?

या कचेऱ्यांतल्या मोठ्या खुर्च्यांसाठी स्वतंत्र केंद्रीय सेवा आहे. इंडियन रेडिओ रेग्युलेटरी सर्व्हिस, गट अ. यूपीएससीची इंजिनिअरिंग सर्व्हिसेसची परीक्षा पास होऊन तिथं जाता येतं. हवेचे तलाठी म्हणा, हवेचे प्रांत म्हणा. बाबासाहेब ज्यांना माऱ्याच्या जागा म्हणत, त्यांतली ही एक. आणि तिच्याकडं आपण पाठ करून बसलोय. आपण पाठ करून बसावं अशी तजवीजही पद्धतशीर झालेली आहे, तिचा हिशोब पुढं मांडतो.

आधी आपल्या दारातलं बघू. जुन्नर-आंबेगावात राहून हवा सरकारी असते हे ज्याला कळलं नाही, त्याच्यासारखा आंधळा तोच. खोडदला दुर्बीण आहे. पंचेचाळीस मीटर रुंदीच्या तीस जाळीदार तबकड्या. चौदा खोडदपाशी एका जागी दाटीनं, बाकीच्या सोळा तीन फाट्यांवर लांबवर पसरलेल्या. टाटा इन्स्टिट्यूटच्या गोविंद स्वरूप यांनी ती उभी केली, नव्वदीच्या दशकात ती चालू झाली आणि जगभरचे लोक आज तिथं वेळ मागायला रांगेत असतात. २०१६ साली मंगळावर उतरू पाहणाऱ्या युरोपच्या यानाचा क्षीण आवाज याच तबकड्यांनी ऐकला. अब्जावधी वर्षांपूर्वी निघालेल्या लहरी इथं आपल्या कांद्याच्या वावराशेजारी उतरवून घेतात. भाताच्या शितापेक्षा हलकं असं हे ऐकणं. त्याला शांतता लागते. आपल्या कानाची शांतता नव्हे, लहरींची. ढोल वाजवा, काही बिघडत नाही. पण मोबाईलचा टॉवर, विजेच्या तारेवरची ठिणगी, वेल्डिंगचं यंत्र, घरावर लावलेला चायना बूस्टर, यांनी तिचे कान बधिर होतात. १४२० मेगाहर्ट्झवर हायड्रोजन बोलतो. म्हणून १४०० ते १४२७ मेगाहर्ट्झ हा पट्टा सगळ्या जगानं राखून ठेवलाय, तिथं कुणीही बोलायचं नाही. अमेरिकेनंही नाही. असा एक पट्टा माणसांनी ठरवून मोकळा सोडला, ह्याचं मला आजही नवल वाटतं.

मी दुर्बिणीच्या विरोधात नाही. तथागताच्या माणसानं ज्ञानाच्या विरोधात असायचं कारण नाही. तालुक्यात जे पुढारी ‘दुर्बिणीमुळं एमआयडीसी आली नाही’ म्हणून भाषणं ठोकतात, त्यांच्या द्राक्षाच्या बागा आणि नारायणगावच्या टोमॅटो मार्केटातले गाळे शाबूत आहेत. त्यांचं काही अडलेलं नाही. पुणे-नाशिक रेल्वेची नारायणगावकडून जाणारी आखणी याच दुर्बिणीच्या कारणानं अडली, तेव्हाही जमीनवाला भावाचा हिशोब करत होता. ज्याच्याकडं जमीन नाही, बाग नाही, गाळा नाही, तो पहाटे उठून चाकणच्या गाडीला लोंबकळतो, ठेकेदाराच्या हजेरीवर नाव लावतो आणि रात्री परत येतो. शांततेची किंमत त्यानं मोजली. कुणासाठी मोजली, कुणी मोजायला लावली, हे त्याला कुणी कागद दाखवून सांगितलं नाही.

ही शांतता पावसासारखी आभाळातून पडत नाही. ती हुकमानं येते. कुठल्या टॉवरला परवानगी, कुठल्याला नाही, कुठल्या पट्ट्यात किती ताकद, ह्यावर कुणीतरी सही करतं. ती सही करणारा हात कुणाचा, एवढाच माझा सवाल आहे.

आता पूर्वेकडून पश्चिमेला चला. आंबेगाव-जुन्नरचा डोंगरपट्टा, महादेव कोळी, ठाकर, कातकऱ्यांच्या वाड्या. तिथं दुर्बिणीसाठी कुणी शांतता मागितली नव्हती, तरी ती आहेच. रेशनच्या दुकानात अंगठा लागावा म्हणून यंत्र हातात धरून टेकाडावर चढणारी माणसं मी पाहिलीत. ३० जुलै २०१४ ला माळीण गाडलं गेलं. डोंगर खाली आला, १५१ माणसं गेली. बाहेर खबर कुणी दिली? एसटीच्या ड्रायव्हरनं. रोजच्या रस्त्यानं गाडी घेऊन गेला आणि बघतो तर गाव जागेवर नाही. एवढ्या लहरी डोक्यावरून वाहताहेत, देशानं चंद्रावर यान पाठवलंय, आणि आंबेगाव तालुक्यातलं एक गाव नाहीसं झालं ही बातमी लाल गाडीच्या चाकांवरून आली. ज्या खेड्यात पैसा नाही तिथं कंपनी टॉवर लावत नाही, आणि तिला तो लावायला भाग पाडणाऱ्या खुर्चीवर त्या खेड्यातलं कुणी नाही. भागाकार सोपा आहे.

खबर पोचवणं हे काम आपल्याला नवीन नाही. गावात मयत झालं की सांगावा घेऊन कोण पळायचं? रात्र असो, पाऊस असो, घोडनदीला पूर असो. सरकारी टपाल, पाटलाचा निरोप, दौऱ्यावर आलेल्या साहेबाचं बोचकं, सगळं आपल्या आज्याच्या डोक्यावर. तारकचेरी नव्हती तेव्हा आपले पाय हीच तार होती. आणि मोबदला? शिळी भाकर, तीही वरून टाकलेली. दुसरं काम शीव राखायचं. दोन गावांचा शिवेचा तंटा लागला की महाराची साक्ष काढत. धोंडा कुठं होता, ओढा कुठून वळत होता, हे त्यालाच ठाऊक. त्याच्या शब्दावर दोन गावांचे पाटील गप्प बसायचे, आणि तंटा मिटला की त्यालाच वेशीबाहेर पिटाळायचे. ज्ञान आपलं, हद्द त्यांची.

तराळकी-येसकरकीचे गोडवे गावेत असं मी म्हणत नाही. बाबासाहेबांनी वतनावर घाव घातला, १९५८ च्या कायद्यानं कनिष्ठ वतनं गेली, फार बरं झालं. मी वेगळंच सांगतोय. खबर आणि शीव ही कामं फुकट होती, घाणीत लोळवणारी होती, तोवर ती आपल्या गळ्यात. तीच दोन कामं हवेत गेली, त्यांना गॅझेटेड शिक्का लागला, पंख्याखालची खुर्ची आली, पेन्शन आली, जिनिव्हा-दुबईच्या परिषदा आल्या, तेव्हा लगेच ‘मेरिट’ आठवलं! स्पेक्ट्रम सांभाळणं म्हंजे तरी दुसरं काय आहे? दोन पट्ट्यांच्या मध्ये मोकळी जागा सोडतात, तिला गार्ड बँड म्हणतात. बांधच तो. कुणी बांध कोरला की जाऊन पकडायचा. हे शिकायला आपली पोरं कमी पडतात म्हणता?

१९९५ साली सुप्रीम कोर्टानं क्रिकेटच्या प्रक्षेपणाच्या खटल्यात निकाल दिला की हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. वाचून मला महाड आठवलं. १९२३ साली बोल्यांचा ठराव झाला होता : सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. महाडच्या नगरपालिकेनंही तळं खुलं केल्याचा ठराव केला होता. कागद पक्का होता. मग २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना ओंजळ भरायला जावं का लागलं? आणि ओंजळ भरल्यावर डोकी का फुटली? तळ्यावर आपला हक्क आहे हे हायकोर्टाकडून वदवून घ्यायला १९३७ साल उजाडलं. ‘सार्वजनिक’ हा शब्द आपण कागदावर फार वेळा वाचलाय. त्याचा अर्थ काठावर कोण उभा आहे त्यावर ठरतो.

या तळ्यात पाणी किती आहे तेही ऐका. २०२२ सालच्या एका लिलावात सरकारला हवेचे दीड लाख कोटी रुपये बोलले गेले. हवेचे! आपण उसाच्या फडात वाढं विकून दोन पैसे केले तर मुकादम डोळे वटारतो. १८८५ चा तारेचा कायदा आणि १९३३ चा वायरलेसचा कायदा गोऱ्यांनी केले ते हवेवर सरकारचा ताबा राहावा म्हणून. माझ्या लहानपणी साध्या रेडिओलाही पोस्टात लायसन होतं, वस्तीत एकच संच, त्याचं पुस्तक तक्क्याच्या पेटीत जपून. आता २०२३ चा दूरसंचार कायदा टप्प्याटप्प्यानं त्यांची जागा घेतोय. कायदा बदलला, कपाट तेच.

इथं कुणीतरी हमखास उठतो आणि म्हणतो, ‘बसला होता की तुमचा एक माणूस त्या खुर्चीवर, काय केलं?’ ए. राजांबद्दल बोलतात. टू-जीच्या वेळी चहाच्या टपरीवर मी हे कानांनी ऐकलंय : ‘ह्यांच्या हातात दिलं की असंच व्हायचं.’ कॅगनं एक लाख शहात्तर हजार कोटींचा अंदाजे तोटा सांगितला. २०१२ साली सुप्रीम कोर्टानं १२२ लायसनं रद्द केली. चौकशी व्हायलाच हवी होती, कुणाचीही व्हावी. २१ डिसेंबर २०१७ ला खास कोर्टानं सगळ्या आरोपींना सोडलं. सीबीआय अपिलात गेली, ते कोर्ट बघेल. पण टपरीवरचा तो माणूस निकालानंतर मला काही बोलायला आला नाही. आणि माझा प्रश्न वेगळाच आहे. साखर कारखाने बुडाले, सहकारी बँका बुडाल्या, तेव्हा कुणी ‘ह्यांच्या जातीच्या हातात दिलं की असंच’ असं म्हणालं का? त्यांचा चोर एकटा असतो, आपला आरोपीसुद्धा जातीनिशी उभा राहतो.

आता त्या खुर्चीपर्यंतची वाट. नीट वाचा, कारण ही माहिती आपल्याकडं कुणी देत नाही.

इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉमची इंजिनिअरिंग पदवी असली की बसता येतं, हे बऱ्याच जणांना ठाऊक आहे. ठाऊक नसतं ते हे की या रेडिओच्या सेवेसाठी एम.एस्सी. सुद्धा चालते. वायरलेस कम्युनिकेशन, इलेक्ट्रॉनिक्स, रेडिओ फिजिक्स, रेडिओ इंजिनिअरिंग असा विषय घेऊन केलेली. म्हंजे आपली जी पोर पुण्याला बसनं जाऊन-येऊन फिजिक्सची एम.एस्सी. करते, इलेक्ट्रॉनिक्स हा खास विषय घेते आणि मग बी.एड. करून संस्थाचालकाला पैसे कुठून द्यायचे म्हणून रडत बसते, तिला हे दार उघडं आहे. वय एकवीस ते तीस, आपल्याला पाच वर्षं जास्त. फी दोनशे रुपये, अनुसूचित जाती-जमातींना आणि बायांना तीही माफ. आधी पूर्वपरीक्षा पाचशे मार्कांची, मग मुख्य सहाशेची, मग तोंडी दोनशेची. एकूण तेराशे. तेराशेतले दोनशे मार्क चार माणसांच्या तोंडाकडं बघून मिळतात. तिथं आडनाव पेपराआधी वाचलं जातं, हे मला कुणी पुराव्यानिशी सिद्ध करायला सांगू नये. आडनाव लावून ज्यानं कधी भाड्यानं खोली मागितली आहे त्याला पुरावा लागत नाही.

आणि पेपर? फक्त इंग्रजीत. कलेक्टर व्हायची मुख्य परीक्षा मराठीत लिहिता येते. जिल्हा चालवायला मराठी पुरते, बांध राखायला पुरत नाही! इंग्रजी आपण शिकलंच पाहिजे, बाबासाहेबांचं नाव घेणाऱ्यानं त्याची कुरकुर करू नये. पण इंग्रजी येतं का हा एक प्रश्न आणि रेडिओ येतो का हा दुसरा. मी हजारो संचांच्या आय.एफ.टी. कॉइली फिरवून ४५५ किलोहर्ट्झवर बसवल्या, एकाही कॉइलीनं मला स्पेलिंग विचारलं नाही. प्रश्न दोन भाषांत छापा. डाव्या पानावर इंग्रजी, उजव्यावर मराठी, तमिळ, बंगाली. कागद थोडा जास्त लागेल. दीड लाख कोटींत बसेल तेवढा कागद.

एक वाट होती गरिबाची. दिवसा कारखान्यात, बी.एस.एन.एल.च्या खांबावर, रेल्वेच्या सिग्नलवर काम करायचं आणि रात्री अभ्यास करून इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सची ए.एम.आय.ई. किंवा टेलिकॉमवाल्यांची आय.ई.टी.ई.ची परीक्षा द्यायची. ती पदवीच्या बरोबरीची धरत. कॉलेजची फी नाही, हॉस्टेल नाही, हजेरी नाही. कितीतरी डिप्लोमावाले तसे इंजिनिअर झाले. सरकारनं ठरवलं की ३१ मे २०१३ पर्यंत नाव नोंदवलेल्यांपुरतीच ही मान्यता. पुढं बंद. कारण दर्जा. दर्जा म्हटलं की आपण गप्प बसायचं अशी रीतच आहे. देणगी भरून पदवी विकणाऱ्या कॉलेजांचं दार त्याच काळात सताड उघडं होतं, त्याच्या दर्जाबद्दल मी बोललो तर म्हणतील जळतो.

राखीव जागांचं गणितही बघा. चारी शाखा मिळून या परीक्षेच्या जागा २०२३ साठी सुमारे ३२७ निघाल्या, २०२४ साठी सुमारे १६७. वर्षात निम्म्या. त्यात रेल्वे आहे, रस्ते आहेत, संरक्षण आहे. रेडिओ सेवेच्या वाट्याला थोड्या. आणि १९९७ पासून जी बिंदूंची यादी चालते तिच्यात आपला पहिला बिंदू सातवा, आदिवासीचा चौदावा. पंधरा टक्के म्हंजे सातव्या खुर्चीपाशी कुठं एक माणूस पुरा होतो, असं ते गणित. यादी दर वर्षी नव्यानं सुरू होत नाही, मागच्या बिंदूवरून पुढं सरकते, हे खरं. पण सरकते आहे की नाही हे बघायला त्या रजिस्टराशी आपला माणूस लागतो. आणि दोन-तीनच जागा निघत राहिल्या तर सातव्या-चौदाव्या पायरीपर्यंत पोचायला पोरीचं वय उलटून जातं.

पण ह्या सगळ्याहून मोठी गोष्ट मी आत्तापर्यंत राखून ठेवली. १४ ऑक्टोबर १९५६ ला आपण माणूस झालो. आणि केंद्र सरकारनं सांगितलं : बौद्ध झालात ना, मग अनुसूचित जाती नाही. महाराष्ट्रानं सवलती दिल्या, केंद्रानं दिल्या नाहीत. १९९० साली विश्वनाथ प्रताप सिंगांच्या सरकारात कायदा बदलला तोवर. मधली चौतीस वर्षं मोजा. डब्ल्यूपीसी केंद्राची, रेल्वे केंद्राची, पोस्ट केंद्राचं, आकाशवाणी केंद्राची. हवेची, तारेची, आवाजाची सगळी खाती केंद्राची. त्या चौतीस वर्षांत आपल्या बापांसमोर दोनच रस्ते होते : कागदावर हिंदू महार राहा आणि रांगेत या, नाहीतर बुद्धाचं नाव लावा आणि खुल्या जागेत टकरा घ्या. कितीक जणांनी घरात बुद्ध आणि कपाटात हिंदू महार ठेवला. त्यांना ढोंगी म्हणणाऱ्या आपल्याच पोरांना माझं सांगणं आहे, त्या काळातली पोटाची खळगी आधी बघा. देशात टीव्ही घरोघरी गेला, उपग्रह सुटले, दूरसंचाराची नवी खाती निघाली, ती सगळी भरती याच काळातली. पाया घातला जात होता तेव्हा आपल्याला धर्माचं कारण सांगून कुंपणाबाहेर ठेवलं, आणि आता इमारत बघून विचारतात, ‘तुमची माणसं वर का दिसत नाहीत?’

बाबासाहेबांनी १९४२ सालीच व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात अस्पृश्यांच्या शास्त्रीय आणि तांत्रिक शिक्षणासाठी पैसा मागितला होता. १९४३ ला नोकऱ्यांत ८.३३ टक्के जागा मिळवल्या. महायुद्ध चालू असताना त्यांना दिसत होतं की उद्याची सत्ता यंत्राशी बसणार. आपल्या आजच्या पुढाऱ्यांना काय दिसतं? महामंडळ. जयंतीच्या डीजेच्या भिंतीसाठी वर्गणी गोळा होते, त्या भिंतीतले ॲम्प्लिफायर उघडून दुरुस्त करू शकणारं पोरगं मात्र वस्तीत एक नाही, तो पुण्याहून बोलवावा लागतो. (मला बोलावलं होतं. भिंत बघूनच परत आलो, कान जायचे.)

माझ्या भाचीनं गेल्या साली पुण्यातल्या एका शिकवणीत चौकशी केली. काउंटरवरचा माणूस म्हणाला, ‘कॅटेगरी आहे ना, मग कशाला एवढे पैसे घालवता, तुमचं होऊन जातं.’ फी ऐकून ती तशीच परतली. म्हंजे पैसे त्यांचेच, टोमणाही त्यांचाच. कॉलेजातही तिनं ऑसिलोस्कोप बघितला तो पाच जणांच्या खांद्यांवरून. मास्तर बटणाला हात लावू देईना, बिघडेल म्हणून. मी तिला भंगारातून आणलेला जुना स्कोप दुकानात लावून दिला. आठ दिवसांत ती माझ्या चुका काढायला लागली.

तेव्हा सरकारला सांगणं सरळ आहे. ज्या दोन तालुक्यांनी देशाच्या विज्ञानासाठी आपली हवा शांत ठेवली, त्यांच्या भूमिहीनांच्या आणि आदिवासींच्या पोरांना त्या हवेचं शास्त्र शिकायला नारायणगावात आणि घोडेगावात हॉस्टेल आणि प्रयोगशाळा द्या. उपकार म्हणून नको, भाडं म्हणून द्या. पेपर दोन भाषांत काढा. रात्री शिकणाऱ्याची बंद केलेली वाट पुन्हा उघडा. रेडिओ सेवेचं बिंदूंचं रजिस्टर दर वर्षी छापून लोकांसमोर टाका. आणि मास्तरांनो, २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाला पोरांना खोडदला नेता, तबकडीपुढं फोटो काढता, वडापाव खाऊ घालून परत आणता. येताना गाडीत एवढं तरी सांगा की ही शांतता राखण्याची पगारी नोकरी असते. हौशी रेडिओवाल्यांची परीक्षासुद्धा डब्ल्यूपीसीच घेते. १९७८ च्या नियमांनी बारा वर्षांच्या पोरालाही तिला बसायची मुभा दिली. बाराव्या वर्षी स्वतःच्या नावाचं लायसन हातात आलेलं पोरगं तलाठ्याला घाबरत नाही.

आणि आपल्यासाठी एक काम. या परीक्षेची जाहिरात गेली काही वर्षं सप्टेंबरात निघते. तेव्हा धावाधाव करू नका, आत्ताच तहसिलीत जा. केंद्राच्या नोकरीला जातीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो, राज्याचा चालत नाही, आणि त्यावर १९९० च्या दुरुस्ती कायद्याचा उल्लेख आहे का ते बघा. खिडकीवरचा कारकून म्हणेल, बौद्धाला केंद्राचा दाखला नसतो. भांडू नका, नमुना पुढं करा. तो या अंकाच्या शेवटच्या पानावर छापलाय. पान फाडून न्या, अंक खराब होईल याची काळजी करू नका.